कार्नेगी ग्रंथालये

स्कॉटलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी (२५ नोव्हेंबर १८३५ – ११ ऑगस्ट १९१९) याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयांना ही संज्ञा आहे. त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर असून त्यांतील सुमारे १,६८० अमेरिकेत, ६६० ब्रिटन व आयर्लंडमध्ये आणि १२५ कॅनडात होती. त्यांवर सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले.

कार्नेगीचे वडील स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे हातमागावर कापड विणत. यंत्रमागांमुळे हातचे काम गेल्यावर हे कुटुंब १८४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ॲलेगेनी येथे स्थलांतरित झाले. तेथे कर्नल जेम्स अँडरसन हा गृहस्थ आपला सुमारे ४०० पुस्तकांचा संग्रह दर शनिवारी कामकरी मुलांसाठी खुला ठेवत असे. पुढे या संग्रहाच्या व्यवस्थापकांनी तारखात्यात काम करणाऱ्या पोरसवदा कार्नेगीकडे दोन डॉलर वर्गणी मागितली, तेव्हा त्याने वृत्तपत्रात पत्र लिहून दाद मागितली आणि ती मिळवलीही. विनामूल्य वाचनाविषयीचा त्याचा आग्रह या अनुभवापर्यंत मागे नेता येतो. धनिकाने आपली संपत्ती हयातीतच लोकहितार्थ खर्च करावी, हे मत त्याने १८८९ मध्ये एका लेखात मांडले. मात्र त्याचे पहिले ग्रंथालय त्याआधीच, १८८३ मध्ये, डनफर्मलिन येथे सुरू झाले होते.

या योजनेचे खरे वैशिष्ट्य देणगीच्या रकमेपेक्षा तिच्या अटींत आहे. कार्नेगी इमारतीचा खर्च देई, पुस्तकांचा नव्हे. जागा गावाने द्यायची, प्रवेश विनामूल्य ठेवायचा आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी सार्वजनिक निधीतून ग्रंथालय चालवण्यासाठी काढून ठेवायची, असा ठराव नगर परिषदेला करावा लागे. म्हणजे १०,००० डॉलर घेणाऱ्या गावाने वर्षाला १,००० डॉलर कायमचे अंगावर घेतले. ग्रंथपाल, पुस्तके आणि इंधन यांचा भार अशा रीतीने करदात्यांवर आल्याने ग्रंथालय दात्याच्या मर्जीवर न राहता पाणीपुरवठ्यासारखी नागरी सेवा ठरले.

अर्जांचा सारा पत्रव्यवहार कार्नेगीचा सचिव जेम्स बर्ट्रम पाहत असे. घुमट, भव्य जिने आणि शेकोट्या यांवर पैसे उधळणारे आराखडे वारंवार येऊ लागले, तेव्हा त्याने १९११ मध्ये बांधकामाविषयीच्या सूचनाच छापून काढल्या. एक मजला व खाली तळघर, तळघरात व्याख्यानाची खोली, आणि भिंतीलगत पुस्तकांची कपाटे बसावीत म्हणून मागच्या व बाजूच्या खिडक्या उंचावर, अशी रचना त्यांत सुचवली होती. असंख्य लहान गावांतील कार्नेगी इमारती एकमेकींच्या बहिणी वाटतात, त्याचे बरेचसे श्रेय बर्ट्रमच्या या काटकसरीला द्यावे लागेल. वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडण्याची मुक्तद्वार पद्धतही अनेक ठिकाणी याच वास्तूंमधून रुळली.

या दातृत्वावर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. १८९२ मध्ये होमस्टेड येथील पोलाद कारखान्यातील संपात कंपनीने आणलेले खाजगी पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार होऊन माणसे मारली गेली व कामगार संघटना मोडून पडली; त्या वेळी कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होता आणि कारभार त्याचा भागीदार हेन्री फ्रिक याच्या हाती होता. त्याच परिसरात १८९८ मध्ये संगीतगृह आणि पोहण्याचा तलाव असलेले ग्रंथालय उघडले गेले, परंतु बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने वाचावे केव्हा, हा कामगारांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे कामगार संघटनांच्या विरोधामुळे १९०४ मध्ये देणगी मतदानात फेटाळली गेली.

वंशभेदाच्या बाबतीत कार्नेगीने स्थानिक प्रथेला आव्हान दिले नाही. अटलांटा येथे १९०२ मध्ये सुरू झालेल्या ग्रंथालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी त्याविरुद्ध निवेदन दिले, तरी विश्वस्तांनी ते मानले नाही. याउलट केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील कृष्णवर्णीयांसाठीच्या शाखेला कार्नेगीच्याच पैशातून १९०८ मध्ये स्वतंत्र इमारत मिळाली. तेथील प्रमुख टॉमस फाउंटन ब्लू यांनी कृष्णवर्णीय ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालवले.

अमेरिकेतील नवी अनुदाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, थांबली. अनेक इमारतींत आजही ग्रंथालये चालतात, तर काहींचे वस्तुसंग्रहालयात वा नगर कार्यालयात रूपांतर झाले आहे. वॉशिंग्टन येथील १९०३ च्या वास्तूत २०१९ पासून ॲपल कंपनीचे विक्री दालन आहे.