एल्कचा हिवाळा वनाच्या हद्दीबाहेर : जॅक्सन होलची पार्श्वभूमी

एल्क हे सांबराच्या कुळातलं, पण अंगाने त्याहून थोराड हरीण. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात त्याचे कळप उन्हाळाभर यलोस्टोन आणि टीटनच्या उंच कुरणांत चरतात आणि बर्फ साचू लागलं की जॅक्सन होलच्या सखल खोऱ्यात उतरतात. घोळ नेमका इथेच झाला. 1891 पासून या भागात राखीव वनं आखली गेली ती लाकूड आणि पाण्याचे उगम राखण्यासाठी, म्हणजे डोंगरांवर. खालची गवताची जमीन वसाहतदारांकडे गेली. एल्कचा उन्हाळा सरकारी राहिला, हिवाळा खासगी झाला. पुढच्या शंभर वर्षांतले बहुतेक उपाय ही एक चूक निस्तरण्यासाठीच झाले आहेत.

कुरणांना कुंपणं पडली, दक्षिणेकडे ग्रीन रिव्हर खोऱ्यात जाण्याच्या वाटा तुटल्या आणि 1909 ते 1911 च्या कडक हिवाळ्यांत एल्क उपासमारीने मेले. भुकेले कळप गुरांसाठी रचलेल्या गंजींवर तुटून पडत. स्टीफन लीक या पशुपालकाने काढलेली छायाचित्रं देशभर पोहोचली. राज्याने गवतासाठी पैसा दिला आणि ऑगस्ट 1912 मध्ये संसदेने राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान मंजूर केलं. आज ते सुमारे 10,000 हेक्टरचं आहे.

जीव वाचले, पण चारा घालण्याची सवय लागली. 1927 मध्ये ओलाउस म्यूरी हे शास्त्रज्ञ एल्क का मरतात हे शोधायला आले. त्यांना उत्तर मेलेल्या जनावरांच्या तोंडात सापडलं. हलक्या प्रतीच्या गवतातली रानबार्लीची कुसळं हिरड्यांत रुतत, त्या जखमांत जिवाणू शिरून तोंड सडे आणि जनावर खायचंच थांबे. 1930 मध्ये याच कळपात ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, आढळला. एरवी गाभण मादी कळपापासून दूर जाऊन विते. चाऱ्याच्या ओळीवर मात्र एकीचा गर्भ पडला की शेजारच्या दहा जणी तो हुंगतात, चाटतात. म्हणून आता काही ठिकाणी चारा लांबवर विरळ पसरतात आणि वसंतात लवकर बंद करतात.

इथल्याच, एल्कहून लहान आणि मोठ्या कानांच्या म्यूल हरणाला तर अवचित चारा घालणं घातकच ठरतं. हिवाळ्यात ते सेजब्रशच्या झुडपांवर जगतं आणि त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याच पाल्याला सरावलेले असतात. एकदम सुकं गवत किंवा धान्य दिलं तर ते पचत नाही. भरल्या पोटी मेलेली हरणं सापडतात ती यामुळे.

हिवाळ्यात तगण्याची खरी पुंजी म्हणजे उन्हाळ्यात साठवलेली चरबी. ती वाचवणं हे वनखात्याच्या हातात आहे. जॅक्सन होलभोवतालच्या ब्रिजर-टीटन राष्ट्रीय वनात दक्षिणमुखी, वाऱ्याने बर्फ उडून जाणारे उतार साधारण 1 डिसेंबर ते 30 एप्रिल माणसांसाठी बंद असतात. स्की करणारा किंवा मोकळा कुत्रा कळपाला एकदा जरी उठवून गेला, तरी गुडघाभर बर्फातून पळताना जळलेली चरबी मार्चमध्ये भरून निघत नाही, कारण तेव्हा खायला जवळपास काही उरलेलं नसतं. गळालेली शिंगं गोळा करणारे नेमके त्याच दिवसांत येऊ पाहतात. ही बंदी शेवटच्या दिवसापर्यंत पाळायला हवी ती म्हणूनच.

झुडपांचंही तेच, एकदा गेली की लवकर भरून येत नाहीत. वायोमिंग सेजब्रश जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. ते बियांवरून परत यायला दशकं लागतात आणि त्याआधीच चीटग्रास हे परकं गवत जागा व्यापून पुढच्या वणव्याला सरपण पुरवतं. म्हणून गवत वाढवण्यासाठी सरसकट आग लावण्याची जुनी पद्धत हिवाळी कुरणात चालत नाही.

प्राण्यांना अडवू नये अशा कुंपणाला मापं आहेत. वरची तार जमिनीपासून फार तर 102 सेंमी, तिच्या आणि दुसऱ्या तारेत किमान 30 सेंमी, सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि किमान 40 सेंमी उंच. वरच्या दोन तारा जवळ असल्या की उडी घेणाऱ्या हरणाचा मागचा पाय त्यांत पिळला जातो आणि ते तिथेच लटकून मरतं. प्रॉन्गहॉर्न हा हरणासारखा दिसणारा प्राणी सहसा उडी मारत नाही, खालून सरपटतो. त्याला ती 40 सेंमीची फटच लागते.

स्थलांतराच्या वाटांची दखल फार उशिरा घेतली गेली. 2008 मध्ये ब्रिजर-टीटनने आपल्या वन आराखड्यात दुरुस्ती करून प्रॉन्गहॉर्नचा स्थलांतरमार्ग राखला. संघराज्याच्या जमिनीवर असं संरक्षण पहिल्यांदाच मिळालं. वनाबाहेर, याच मार्गावरच्या ट्रॅपर्स पॉइंटच्या चिंचोळ्या पट्ट्यात, 2012 मध्ये महामार्गावर प्राण्यांसाठी पूल बांधले गेले.

चाऱ्याचा प्रश्न मात्र आणखी कठीण झाला आहे. डिसेंबर 2020 मध्ये ग्रँड टीटनमधल्या एका एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग, सापडला. तो पसरवणारी प्रायॉन नावाची बिघडलेली प्रथिनं मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि वर्षानुवर्षं त्याच मातीवर चारा पडतो. राज्याची चारा घालण्याची वीसहून अधिक ठिकाणं आहेत. त्यांतली काही राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर परवान्याने चालतात, आणि तो परवाना पुन्हा द्यायचा की नाही हे वनखात्याला प्रत्येक ठिकाणासाठी ठरवावं लागतं.