ताप उतरला, मन लागेना: नैराश्य आणि प्रतिकारशक्तीच्या नात्याची पार्श्वभूमी

२००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत आमच्या रावेरकडच्या गावात घरटी एकजण तरी कण्हत पडलेला. आजीचा ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण पुढे दोनेक महिने ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. कळण्याची भाकरी समोर ठेवली तरी चतकोर मोडायची आणि ताट सरकवायची. विचारलं की एकच उत्तर, "मन लागस नही." सांधे धरलेत, वय झालंय, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

ताप आणि मन यांची गाठ वैद्यकात तशी जुनी. व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-याउरेग यांनी १८८७ सालीच तापाचा मानसिक आजारांवर काय परिणाम होतो ते लिहून ठेवलं होतं. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला आणि १९२७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळवलं. हिवतापानं खंगलेल्या सातपुड्याच्या पायथ्याशी कुणी हा उपाय सुचवला असता, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड दिलं, तर खाटेला खिळलेली माणसं उल्हसित झाली. पाच वर्षांनी तेच औषध नैराश्यावर वापरात आलं. ते सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणून पुढची काही दशकं सगळ्यांचं लक्ष मेंदूतल्या रसायनांवरच राहिलं. शरीरातला दाह, म्हणजे जंतूंशी किंवा इजेशी लढताना प्रतिकारशक्ती पेटवते ती आतली आग, बाजूला पडला.

तो परत आणला एका पशुवैद्यानं. आजारी बैल गव्हाणीकडे पाठ फिरवतो, कळपापासून लांब बसतो, हे कुठल्याही गोठेवाल्याला ठाऊक असतं. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये म्हटलं, हा नुसता अशक्तपणा नव्हे. जंतूंशी लढताना ताकद वाचवायची ही शरीराची ठरलेली रीत आहे. पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, त्यांचा निरोप रक्तातून आणि व्हेगस मज्जातंतूतून मेंदूला पोचतो. भूक मरते, झोप बिघडते, माणसं नकोशी होतात. १९९१ मध्ये रोनाल्ड स्मिथ यांनी नैराश्यामागेही याच पेशी असाव्यात असं मांडलं.

मला सर्वांत वजनदार पुरावा वाटतो तो इंटरफेरॉनचा, कारण इथे आधी औषध आणि मग उदासी. हे सायटोकाइनच औषध म्हणून हेपॅटायटिस सी आणि काही कर्करोगांसाठी टोचायचे, आणि चांगली हसती-बोलती माणसं खचायची. २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत त्वचेच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना इंटरफेरॉनच्या आधीपासून पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दिली. त्यांच्यात ११ टक्क्यांना नैराश्य आलं, बिनऔषधी गोळीवाल्यांत ४५ टक्क्यांना.

मग दाह उतरवला की उदासी जाईल? २०१३ मध्ये नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्झिमॅब हे दाह शमवणारं औषध वापरून पाहिलं. एकूण हिशोबात फरक शून्य. फायद्याची चिन्हं दिसली ती फक्त ज्यांचं सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, मुळातच वाढलेलं होतं त्यांच्यात. नैराश्याच्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांतच सीआरपी असं वाढलेलं सापडतं. त्यामुळे 'नैराश्य म्हणजे दाह' हे व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाक्य खरं नाही.

आजी दिवाळीच्या सुमारास आपोआप उठली, चुलीपुढे बसली. तिचं सीआरपी कुणी तपासलं नव्हतं.