लेटेक्स की सिलिकॉन? जलपरीच्या टॉपचं 'रबर' ओळखताना

शिंपल्यासारख्या दोन वाट्या, त्यांवर खवल्यांची नक्षी, वर मोतिया रंगाचा हात. जलपरीच्या पोशाखाचा टॉप लेटेक्सचा (नैसर्गिक रबराचा) असो नाहीतर सिलिकॉनचा (कारखान्यात बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचा), फोटोत दोन्ही जुळ्या बहिणी. विकणारेही दोघींना सरसकट 'रबर' म्हणतात. फरक कळतो तो चार-पाच वेळा पोहून आल्यावर. एक टॉप जसाच्या तसा असतो, दुसरा पांढुरका, चिकट आणि कडेने सैल पडलेला.

इतकं थांबायची गरज नाही. आतल्या बाजूने नखाएवढी कातरण कापा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगली म्हणून लगेच ठरवू नका. बोटाने बुडवून, तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून मग सोडा. नैसर्गिक रबर पाण्याहून हलकं, घनता साधारण 0.93, म्हणून लेटेक्स परत वर येतं. साच्यात ओतायच्या सिलिकॉनची घनता 1.07च्या आसपास, ते तळाला बसतं. लेटेक्समध्ये भरपूर रंग किंवा भुकटी मिसळलेली असेल तर तेही बुडेल, म्हणून मी दुसरी कातरण चिमट्यात धरून जाळते (खिडकी उघडी ठेवून). लेटेक्स काळा धूर सोडत, टायर जळाल्यासारखा वास मारत जळतं. सिलिकॉन मागे पांढरी राख ठेवतं.

ही राख म्हणजे जवळजवळ वाळूच. सिलिकॉनच्या साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंचा असतो. ऊन, ओझोन, तलावातलं क्लोरीन यांना तिथे सहजासहजी दात रोवता येत नाहीत. लेटेक्स हा रबराच्या झाडाचा चीक. केरळात त्याच्या बागाच बागा आहेत, आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूलाही झाडांना बांधलेल्या वाट्या दिसतात. चीक नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, डबा उघडल्यावर नाकात जातो तो वास त्याचाच. या रबराच्या साखळीत जागोजाग दुहेरी बंध असतात आणि ऊन, ओझोन, क्लोरीन नेमके तिथेच हल्ला करतात. गंमत अशी की लेटेक्सचे हातमोजे गुळगुळीत व्हावेत म्हणून कारखान्यात त्यांना मुद्दाम क्लोरीन देतात, पण मोजूनमापून, एकदाच. हॉटेलच्या तलावात ते मोजायला कोणी नसतं. शिवाय लेटेक्सचा पातळ थर पाणी पितो, फुगतो आणि पांढरा पडतो. वाळला की रंग परत येतो, पण दर वेळी थोडी ताकद कमी झालेली असते.

बनवायची रीतही वेगळी, आणि इथेच लोक एकीची कृती दुसरीला लावून फसतात. लेटेक्स वाळून घट्ट होतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा त्यातलं पाणी शोषतो, म्हणून साचा कोराच ठेवायचा, त्यावर पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. आठ-दहा थरांनंतर सोलून काढा. वाळताना ते आकसतं, तेव्हा मातीतला नमुना अंगच्या मापाहून जरा मोठा घ्यावा लागतो. सिलिकॉन वाळत नाही, त्याची रासायनिक क्रिया होते. 'अ' आणि 'ब' असे दोन भाग, बहुतेक वेळा समान, वजनकाट्यावर मोजून मिसळायचे. आपल्या मे महिन्यात हे मिश्रण डब्यावर छापलेल्या वेळेच्या कितीतरी आधी घट्ट व्हायला लागतं. वाटी हातात आणि साचा अर्धा रिकामा, अशी पाळी माझ्यावर आली आहे. आता उन्हाळ्यात दोन्ही डबे आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवते आणि पहाटे ओतते.

सिलिकॉनमध्येही दोन जाती आहेत. घट्ट होण्याची क्रिया घडवायला एकात टिनचं संयुग असतं, दुसऱ्यात प्लॅटिनमचं. टिनवर घट्ट होणारं साच्यांसाठी ठीक, अंगावर नको. अंगाला लागणाऱ्या वस्तूला प्लॅटिनमवर घट्ट होणारंच घ्या, आणि तेही त्वचेला चालतं असं बनवणाऱ्याने लिहिलेलं. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमच्या फटींचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते तर नकोच नको. प्लॅटिनम सिलिकॉनचे नखरे मात्र फार. गंधक लागलं की ते घट्टच होत नाही. माझा पहिला शिंपला मी गंधक असलेल्या तेलकट मॉडेलिंग क्लेमध्ये कोरला, त्यावरच सिलिकॉन ओतलं, आणि चार दिवसांनीही मातीला लागलेली बाजू गुळाच्या पाकासारखी चिकट. दुसऱ्यांदा माती बदलली, तरी कडा चिकटच राहिल्या. कारण हातात लेटेक्सचे मोजे होते! त्या मोज्यांतूनही गंधकच लागतं. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे घातले आणि प्रश्न मिटला. एका बहिणीने दुसरीला नुसतं शिवलं तरी बिघडतं, म्हणून लेटेक्सचे ब्रश, वाट्या आणि साचे सिलिकॉनपासून लांबच ठेवते.

"सिलिकॉन जड, त्यात बुडायला होईल," असं बऱ्याच जणी म्हणतात. हिशेब करून पाहा. दोन्ही वाट्या मिळून 500 चौरस सेंटिमीटर आणि जाडी अर्धा सेंटिमीटर धरली तर सिलिकॉन 250 घन सेंटिमीटर, वजन साधारण 268 ग्रॅम. पाण्यात शिरल्यावर त्यातलं वीस ग्रॅमसुद्धा अंगावर येत नाही. त्रास होतो तो वाटीच्या आत अडकलेल्या पाण्याचा. सूर मारताना ते टॉप खाली ओढतं आणि बाहेर येताना ओंजळभर पाणी छातीवर लोंबतं. म्हणून प्रत्येक वाटीच्या तळाला शिंपल्याच्या रेषांमध्ये लपतील अशी दोन-तीन बारीक भोकं ठेवा. आत स्पंज भरू नका, तो पाणी धरतो आणि वाळता वाळत नाही. सगळा ताण एकट्या मानेवर घेणारी दोरी टाळा. पाठीवर फुलीसारखे जाणारे रुंद पट्टे घ्या, पट्ट्यांना धातूचा हूक लावू नका. पितळी हुकातल्या तांब्याने लेटेक्सवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे ते तिथेच कुजतं, लोखंडी हूक दोन्हींवर गंजतो. सिलिकॉनला एक चीर गेली की ती फाटत पुढे जाते, म्हणून ओतताना आत ताणली जाणारी जाळी बसवतात. तलावाच्या खरबरीत काठावर पोटावर सरकत बाहेर येणाऱ्या जलपरीला हे सगळ्यात आधी पटेल.

निगा राखताना तर नियम चक्क उलटे होतात. लेटेक्सचा शत्रू तेल. पोहण्याआधी अंगाला खोबरेल चोळायची सवय आपल्याकडे असते, तेच खोबरेल लेटेक्सला फुगवून सैल करतं. तेलकट सनस्क्रीनही तसंच. चमकवायला लेटेक्सवर सिलिकॉन तेलाचा फवारा मारतात आणि त्याने त्याचं काही बिघडत नाही. तोच फवारा सिलिकॉनच्या टॉपवर मारला तर ते तेल आत शोषलं जातं, टॉप सुजतो, मऊ पडतो. सनस्क्रीनच्या डब्यावर डायमेथिकोन लिहिलं असेल तर ते सिलिकॉन तेलच, तेव्हा टॉप आधी चढवा, क्रीम नंतर उघड्या अंगालाच लावा.

बाकी काम दोन्हींचं सारखं: गोड्या पाण्याने धुवा, सौम्य साबण, सावलीत वाळवा, आतून कॉर्नफ्लोअरचा हात फिरवा. लेटेक्स अंधारातच ठेवा, घडी न घालता. सिलिकॉनही दाबून ठेवू नका, वाट्यांचा आकार बिघडतो.

फाटलं तर? लेटेक्सला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि लेटेक्सचंच ठिगळ चालतं. सिलिकॉनला त्यातलं काहीच धरत नाही, फेविक्विकही सालपटासारखं निघून येतं. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन चिकटतं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉनचंच चिकटवण भरायचं. रंगाचंही तेच. अॅक्रिलिकने रंगवलेला सिलिकॉनचा शिंपला पहिल्याच डुबकीत रंग सोडेल. रंगाची पूड किंवा पेस्ट पातळ केलेल्या सिलिकॉनमध्येच मिसळून लावतात.

मग लेटेक्स का घ्यायचं? स्वस्त आहे, हलकं आहे, नाटकाच्या रंगमंचावर किंवा एखाद्या दिवसाच्या चित्रीकरणाला छान चालतं. पोहायचं असेल तर मी सिलिकॉनच सांगते. आणि पोशाख भाड्याने देणाऱ्यांनी घालणाऱ्या मुलीला आधी एक प्रश्न जरूर विचारावा: फुगे फुगवताना ओठ सुजतात का, केळं किंवा किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज येते का? लेटेक्सची अॅलर्जी असणाऱ्या काहींना ही फळंही सोसत नाहीत. 'हो' म्हणाली तर लेटेक्सचा टॉप तिच्या अंगाला लावूनही पाहू नका.