आतडं फुटलं तर आधी दवाखाना, मग कागद (बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांसाठी)

टायफॉईड दोन-तीन आठवडे अंगावर काढला की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला भोक पडू शकतं, आतड्याच्या टीबीतही होतं, मार बिर काही लागलेला नसतो. एकदम पोट दुखायला लागतं, फळीसारखं कडक होतं, तेव्हा गॅस झाला म्हणून ओवा-सोडा देत बसू नका, १०८ ला फोन करा. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत बऱ्याचदा छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवा दिसते, मग सलाईन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन.

आता खर्चाच्या सरकारी योजनेचं. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल रेशन कार्ड असेल तर घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या (योजनेनं ठरवलेल्या खर्चाच्या) ३०% आणि तेही दीड लाखांपर्यंतच, बाकी खिशातून. एरवी आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रेफरल लेटर आणावं लागतं, पण इमर्जन्सीत त्याच्याशिवाय योजनेतल्या प्रायव्हेट दवाखान्यात थेट जाता येतं, हे लोकांना माहीतच नसतं आणि चिठ्ठीसाठी रात्र घालवतात. बेळगावच्या बिम्ससारखं सरकारी हॉस्पिटल जवळ असेल तर सरळ तिथं जावा.

पेशंटचं आधार आणि रेशन कार्ड, दोन्ही ओरिजिनल, एवढं पुरतं. गंमत अशी की रेशन कार्ड कन्नडमध्ये आणि त्यात आपली मराठी नावं कशीही छापलेली, आधारशी जुळत नाहीत, त्यामुळं हे आजच बघून ठेवा, दुरुस्ती ऐनवेळी होत नाही. ॲडमिट झाल्या झाल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा माणूस) गाठा, ॲडव्हान्स भरायच्या आधी.

ऑपरेशनमध्ये भोक शिवतात, आतडं जास्त खराब असेल तर तेवढा तुकडा काढून जोडतात, पोटात पू पसरला असेल तर आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणून तिथं शौचासाठी पिशवी लावतात. ती पिशवी साधारण दोन-तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून बंद करतात आणि ते इमर्जन्सी नसतं, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच विचारा रेफरल लेटर लागणार का. डिस्चार्ज समरी आणि बायोप्सीचा (आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट जपून ठेवा, टीबी निघाला तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

महाराष्ट्रानं २०२३ ला महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लावली खरी, पण तिचे कागद वेगळे, ते निवांत असताना करा. पोट फुगलेल्या रात्री नको.