घरी बसवणं आणि घरी शिकवणं

कोल्हापुरात होमस्कूलिंगचा विषय निघाला की पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘आम्ही मुलांना घरीच शिकवतो’ असं कुणी म्हटलं, तरी ऐकणाऱ्याच्या कानावर ‘घरी बसवलंय’ एवढंच पडतं. आणि घरी बसवणं हे आपल्याकडे बहुतेक मुलींच्या वाट्याला आलेलं क्रियापद. हायस्कूल लांब, धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही, म्हणून सातवीनंतर पोरगी घरी बसवली. माझ्या ओळखीच्या राजारामपुरीतल्या एका घरात आईवडील दोघंही इंजिनीअर आणि दोन्ही मुलांना शाळेत घातलेलंच नाही. आजी कागलकडची, स्वतः चौथीनंतर घरी बसवलेली. नातवंडांवर तिचा जीव आहे, पण सकाळी अकराला दारात कुणी आलं की ती आवाज बारीक करते: “सुट्टी न्हाई ओ, आमच्यात पोरं घरातच असत्यात.”

आजीला अडाणी म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण तिच्या त्या बारीक आवाजामागे या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

घरी शिकणं मुळात नवं नाहीच. भिक्षुकाच्या घरी संथा, कुलकर्ण्याच्या घरी मोडी, चांभाराच्या घरी रापी. पंतोजीची शाळाही कुणाच्या तरी ओसरीवरच भरायची, धूळपाटी आणि पावकी-निमकी घेऊन. ज्याच्या घरात जे, तेच पोराच्या पदरात. ज्याच्या घरात अक्षर नव्हतं त्याच्या पोराला ते मिळायचा रस्ताच नव्हता. घरी शिकणं म्हणजे त्या काळी बहुतांशी जातीत शिकणं.

ही गाठ सोडवायला शाहू महाराजांनी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही मुलाला घराबाहेर काढणाऱ्या होत्या. एक, वसतिगृहं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत गेली. दुसरी, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्ती सगळ्या संस्थानाला लागू केली होती. ब्रिटिश मुलखात मात्र गोखल्यांचं तसंच विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. करवीर संस्थानाने ते करून दाखवलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरात चूल अडावी एवढा.

गंमत अशी की महाराज स्वतः काही चारचौघांच्या शाळेत शिकले नाहीत. राजकोटच्या राजकुमार कॉलेजनंतर १८९० ते १८९४ ते धारवाडला होते. फ्रेजर नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक, आणि सोबतीला दोन-चार राजपुत्र. आजच्या भाषेत याला होमस्कूलिंगच म्हणता येईल. पण राजपुत्राला जे परवडतं ते कुळवाड्याच्या पोराला परवडत नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

शाळेवरचा राग नंतर आला, आणि त्याला सिद्धान्ताचं रूप मिळालं ते परदेशात. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाचा वर्गात शिकवून शिकवून शाळेवरचा विश्वास उडाला. १९७७ मध्ये त्याने शाळेबाहेर मुलं वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढलं, ‘अनस्कूलिंग’ हा शब्दही त्याचाच. १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्यात तर मुलाने ‘शाळेत किंवा अन्य मार्गाने’ शिकावं, अशी पळवाट म्हणा की शहाणपण म्हणा, आधीपासूनच होती. जर्मनी अजूनही शाळेची हजेरी सोडायला तयार नाही.

आपल्याकडचे पालक होल्टइतकंच लीलाताई पाटलांचं नाव घेतात. लीलाताई म्हणजे ना. सी. फडक्यांची मुलगी. १९८५ मध्ये त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं. शिक्षा नाही, घोकंपट्टी नाही, मातृभाषेतून आणि भोवतालातून शिकणं. पण त्यांचा दाखला होमस्कूलिंगला द्यावा हे मला पटत नाही. घोकंपट्टीला कंटाळून त्या घरात शिरल्या नाहीत, त्यांनी शाळाच काढली.

कायद्याचं सांगायचं तर शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम १० ने पालकाचं कर्तव्य ठरवलं. दंड मात्र ठेवला नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केंद्राने, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. कायद्याच्या पुस्तकात तसं वाक्य काही आलं नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला गुरुजी वही घेऊन दारात आले की इंजिनीअरचं पोर आणि ऊसतोड टोळीबरोबर आलेलं पोर एकाच रकान्यात बसतं. एकाच्या घरात दोन भिंती पुस्तकांनी भरलेल्या, दुसऱ्याचं घर म्हणजे फडाकडेची पाचटाची खोपी. दंड नसण्याचा फायदा पहिल्याला होतो. दुसऱ्यासाठी कोण दारात जातं?

साधनांची आता ददात नाही. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात, अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी आहेत, आणि १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा तर घरोघरी वर्ग भरले, आणि पोराला वर्गात नेमकं काय शिकवतात ते बऱ्याच पालकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

घोडं अडतं ते दहावीला. बाहेरून बसायचं म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरायला जावं, तर त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे पोर शाळेत गेलंच नाही, त्याने सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? म्हणून बहुतेकजण १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट धरतात. तिथे वय चौदा पूर्ण असलं की जन्मदाखल्यावर दहावीला बसता येतं. राजारामपुरीतल्या थोरल्याचा फॉर्म यंदा तिथेच भरला. त्याचा फोटो काढायला आजी स्वतः त्याला घेऊन गेली, आणि दुकानात नवा पांढरा शर्ट घेताना दुकानदाराला म्हणाली, “शाळंचा हाय, जरा टिकाऊ द्या.”