वेदोक्त प्रकरण (कोल्हापूर)

कोल्हापूर संस्थानात १८९९ ते १९०५ या काळात छत्रपतींच्या घरातील धर्मकृत्ये वेदमंत्रांनी व्हावीत की पुराणातल्या श्लोकांनी, यावरून झालेला वाद. तो पंचगंगेच्या घाटावर सुरू झाला, पण वतन, जप्ती, अपील आणि नोकरभरती या मार्गाने गेला. महाराष्ट्रात जातीवरून होणारा अन्याय हा शास्त्राचा नव्हे, तर राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ही समज रुजण्यात या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

वेदोक्त आणि पुराणोक्त
एकाच विधीची ही दोन रूपे. स्नानाच्या वेळी ‘आपो हि ष्ठा मयोभुवः’ ही ऋग्वेदातील ऋचा म्हटली तर ते वेदोक्त. ‘गंगे च यमुने चैव’ हा श्लोक म्हणून भागवले तर ते पुराणोक्त. षोडशोपचार पूजेत पहिल्या प्रकारात पुरुषसूक्ताची एकेक ऋचा एकेका उपचाराला जोडतात, तर दुसऱ्यात तिथे श्लोक आणि नाममंत्र येतात. वेदमंत्र उदात्त, अनुदात्त, स्वरित या स्वरांसह म्हणावे लागतात आणि म्हणणाऱ्याने आधी आंघोळ केलेली असावी लागते. पुराणोक्ताला हे निर्बंध सैल.

खरी मेख अधिकारात आहे. वेदोक्ताचा अधिकार मुंज झालेल्या द्विजालाच, म्हणजे ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य या पहिल्या तीन वर्णांतल्या माणसालाच, असा धर्मशास्त्राचा दंडक. गृह्यसूत्रांत मुंजीचे वय ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे वर्ष सांगितले आहे; शेवटची मुदत अनुक्रमे सोळा, बावीस आणि चोवीस. मुदत टळली की माणूस व्रात्य ठरतो आणि प्रायश्चित्ताशिवाय त्याची मुंज होत नाही. दरवर्षी श्रावणात जानवे बदलण्याची श्रावणीही मुंजीवरच अवलंबून. त्यामुळे ‘तुम्ही क्षत्रिय असाल, पण संस्कार लोपले आहेत’ एवढे म्हटले की वंशाचा पुरावा कितीही दिला तरी दार बंद करता येई. शिवाय कलियुगात पहिला आणि शेवटचा, म्हणजे ब्राह्मण आणि शूद्र, असे दोनच वर्ण उरले, हे वचन हाताशी होतेच.

या अडचणीवरची तोड १६७४ साली रायगडावर निघाली होती. गागाभट्टांनी शिवाजी महाराजांकडून आधी प्रायश्चित्त करवून घेतले, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांची मुंज केली, समंत्रक विवाहाचा विधी पुन्हा केला आणि मग ६ जून रोजी वेदोक्त राज्याभिषेक झाला. तरीही पुढच्या काळात साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत हाच वाद पुन्हा पेटला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी कोल्हापूरच्या आधी वेदोक्त सुरू केले होते. म्हणजे पूर्वाधार होते, पण दर पिढीत अधिकार नव्याने सिद्ध करावा लागे, आणि तो मान्य करणे पुरोहिताच्या हाती असे.

घाटावरचा प्रसंग
१८९९ च्या कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराज पंचगंगेवर गेले असता सोबतचा भटजी आंघोळ न करताच पुराणोक्त मंत्र म्हणत होता. मुंबईहून आलेले संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत यांनी ही गोष्ट महाराजांच्या ध्यानात आणून दिली. विचारणा झाल्यावर शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे असते, मग आंघोळीची गरज काय, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हा प्रसंग इतका सांगितला जातो की पुढची सहा वर्षे त्याच्यामागे झाकली जातात. अपमान घाटावर झाला, पण निकाल लागला तो दप्तरात.

वतनाची बाजू
राजोपाध्ये हे वंशपरंपरागत वतनदार होते. राजघराण्याची धर्मकृत्ये करणे ही त्यांची चाकरी आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी होत्या. महाराजांनी वेदोक्ताची आज्ञा केली तेव्हा आप्पासाहेब राजोपाध्यांनी नकार दिला. महाराजांनी नारायणशास्त्री सेवेकरी यांच्याकडून वेदोक्त विधी करवून घेतले, समिती नेमली आणि समितीने राजघराण्याचा हक्क मान्य केला. तरी नकार कायम राहिल्यावर मे १९०२ मध्ये राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले.

डावपेच म्हणून ही चाल अचूक होती. वेदाचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर पंडितांची सभा भरवली असती तर निर्णय त्यांच्याच हाती राहिला असता. चाकरी न करणाऱ्याने चाकरीची जमीन का खावी, हा प्रश्न मात्र कोणत्याही मामलेदाराला कळणारा होता. राजोपाध्यांनी मुंबई सरकारकडे आणि पुढे व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली, पण काही उपयोग झाला नाही.

विरोधकांचे हत्यार ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, हे होते. त्याची रीत ठरलेली असे. तक्रार, ब्रह्मवृंदाची सभा, शंकराचार्यांच्या मठाकडून आज्ञापत्र, मग पंक्ती, पाणी आणि पौरोहित्य बंद. घरात लग्न किंवा श्राद्ध निघाले की माणूस अडकायचा, कारण विधीला कोणी येत नसे. सुटका हवी तर क्षौर, पंचगव्य, गोदान, दक्षिणा आणि ब्राह्मणभोजन करून शुद्धिपत्र मिळवायचे. सेवेकरींनाही जातभाईंच्या बहिष्काराला तोंड द्यावे लागले. महाराजांचा हक्क मान्य करणाऱ्या ब्राह्मणालाच ही शिक्षा होती, हे विसरले जाते.

लोकमान्य टिळकांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’त ‘वेदोक्ताचे खूळ’ या मथळ्याखाली लिहून या मागणीला विरोध केला. संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी १९०५ मध्ये छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला आणि वाद औपचारिकपणे मिटला.

परिणाम
१८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी व्याख्या होती. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. इनामजप्ती आणि हा हुकूम यांच्यात तीन महिन्यांचेही अंतर नाही. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकी ३५ ब्राह्मणांकडे उरल्या. पदाला लायक उमेदवार मिळावेत म्हणून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. मराठा आणि जैन वसतिगृहे १९०१ ची, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क होस्टेल १९०८ चे.

वेदोक्ताच्या मागणीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. ‘आम्ही क्षत्रिय आहोत’ हा दावा वर्णाची उतरंड मोडत नाही, तिच्यातली आपली पायरी बदलून मागतो. महारवाड्याला त्यातून काहीच मिळणार नव्हते. तिथवर पोचायला कोल्हापूरला आणखी दीड दशक लागले. महार, मांग, रामोशी, बेरड यांना जन्मावरूनच संशयित धरून रोज द्यावी लागणारी हजेरी १९१८ मध्ये बंद झाली. गावची सक्तीची चाकरी लादणारी महार वतनेही त्याच वर्षी रद्द झाली आणि मार्च १९२० मध्ये माणगावची अस्पृश्यांची परिषद भरली. त्याच १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, नेमून महाराजांनी ब्राह्मण पुरोहिताची गरजच संपवण्याचा प्रयत्न केला. हे पीठ मराठा समाजात फारसे मूळ धरू शकले नाही. घरोघरचे विधी बहुतेक जुन्याच भटजींकडे राहिले.

नंतरचा कायदा
पुजाऱ्याची नेमणूक ही धार्मिक बाब की ऐहिक, हा प्रश्न स्वतंत्र भारतात न्यायालयांपुढे आला. शेषम्माळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ही नेमणूक ऐहिक ठरवली, त्यामुळे वंशपरंपरेचा नियम कायद्याने काढता येतो. कोल्हापुरात हा मुद्दा अंबाबाईच्या देवळावरून वर आला. २०१७ मध्ये देवीला घागरा-चोळी नेसवल्यावरून ‘पुजारी हटाव’ आंदोलन झाले आणि २०१८ मध्ये विधिमंडळाने तिथे वंशपरंपरागत पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा मंजूर केला.