नांगर, सातबारा आणि शंभर घरं

खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी ही कामं बाईची आणि नांगर पुरुषाचा. तिनं औत धरायचं नाही, हा संकेत देशाच्या अनेक भागांत अजून पाळतात. आता बैल जाऊन ट्रॅक्टर आला, अंगातल्या जोराचा प्रश्नच मिटला, तरी स्टिअरिंगवर बाई दिसली की लोक वळून बघतात!

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी 1970 साली मांडलं होतं, की कुदळीवरच्या शेतीत बाया आघाडीवर असतात. नांगर आला की जोराचं महत्त्व वाढतं आणि बाई घराकडे सरकते. अलेसिना, जुलियानो आणि नन या संशोधकांनी 2013 मध्ये हे जगभरच्या आकडेवारीवर ताडून पाहिलं. ज्या समाजांचे पूर्वज नांगर वापरत, तिथं आजही नोकरी-धंद्यात स्त्रिया कमी आढळल्या. परदेशी स्थायिक झालेल्यांच्या मुलांतही हाच कल निघाला. त्यांतल्या कित्येकांनी नांगर पाहिलाही नसेल.

रीत टिकते ती ‘चार लोक काय म्हणतील’ यावर. ती मनातून कुणालाच पटत नसेल, तरी दुसऱ्याला पटते असं समजून जो तो गप्प बसतो. म्हणून एकेकाला गाठून समजावण्याचा फारसा उपयोग नाही. बदल सगळ्यांना एकदम दिसावा लागतो.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी हे बरोबर हेरलं असावं. चांदवडच्या 1986 च्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर काही वर्षांत शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम काढली. नवऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा; पण शंभर घरांनी केलं, तरच गाव लक्ष्मीमुक्तीचं. एकट्यानं केलं असतं तर पारावर ‘बायकोच्या मुठीत गेला’ ऐकावं लागलं असतं. शंभर जणांना हसणार कोण?

सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्जापासून विम्यापर्यंत सगळीकडे अडतं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बाया सुमारे 14 टक्केच होत्या. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 ला आला, देशभर 2005 ला. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी मुकाट्यानं हक्कसोडपत्रावर सही करतात. भावांनी बहिणींचे वाटे चढवलेलं शंभर घरांचं गाव अजून माझ्या ऐकिवात नाही.